कोरडा खड्डा

१ मार्च, शनिवार

ही वही खात्याची आहे आणि मी ती न विचारता घरी आणली आहे. चौतीस वर्षांत पाणी खात्याची एवढी एकच वस्तू ढापली, तेव्हा मनाला फार लागत नाही. प्रत्येक पानावर रकाने छापलेत: ठिकाण, वेळ, ऐकू आलेला आवाज, अंदाज, खोदल्यावर काय सापडले. रोज हे रकाने भरल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे. कालपासून मी निवृत्त आहे आणि भरायला काही नाही, म्हणून रकान्यांवरून आडवं लिहितो आहे.

माझं काम ऐकायचं होतं. जमिनीखालचा नळ फुटला की पाणी लगेच वर येतंच असं नाही. महिनोन्‌महिने खालच्या खाली मुरत राहतं. रस्ते शांत असतात अशा पहाटेच्या वेळी मी पोलादी काठी जमिनीवर टेकवायचो, तिच्या वरच्या टोकाच्या लाकडी वाटीला कान लावायचो, आणि आवाज सापडला की खडूने फुली मारायचो. मग मुकादमाची माणसं त्या फुलीवर खणत. पाणी लागलं तर ठीक. नाही लागलं तर त्याला आम्ही कोरडा खड्डा म्हणतो. रस्ता फोडलेला, लोक शिव्या देताहेत, आणि खाली भुसभुशीत कोरडी माती. आमच्या धंद्यात याहून मोठी नामुष्की नाही. चौतीस वर्षांत माझे कोरडे खड्डे चार. शेवटच्या दोन वर्षांत एकही नाही. खात्यात मला कानसेन म्हणतात ते उगीच नाही.

काल निरोपाचा कार्यक्रम झाला. मोठे साहेब बोलले. मान खाली घालून पुटपुटायची खोड त्यांना अलीकडेच लागली आहे. लोक हसले तेव्हा मीही हसलो. भेट म्हणून मला माझीच काठी दिली. तिला चकचकीत मुलामा दिलाय, माझ्या कानाच्या घामाने काळी पडलेली वाटी घासूनपुसून पॉलिश केलीय, आणि सगळं काचेच्या पेटीत बसवलंय. ही अक्कल कोणाची, ते विचारलं नाही.

यंत्रवाली रडली. ती आमची इंजिनीअर. सहा वर्षांपूर्वी गळती शोधायचं नवं यंत्र घेऊन आली तेव्हा मी म्हणालो होतो, कानामागून आली आणि तिखट झाली. पण गुणी आहे. गेली दोन वर्षं माझ्या मागे मागे फिरायची. मी फुली मारली की आपलं यंत्र लावून तीच जागा पुन्हा तपासायची. शाळेतली मुलं गणित सोडवून शेवटच्या पानावरचं उत्तर बघतात, तशी शिकत होती बिचारी.

निघताना साहेबांनी माझा हात धरला आणि उजव्या बाजूने कानाशी येऊन म्हणाले, "गरज पडली की बोलावतो." हे मात्र स्पष्ट म्हणाले.

५ मार्च, बुधवार

फोन आला नाही. पाच दिवस म्हणजे काही फार नाहीत.

घर दिवसभर चालू असतं हे मला माहीत नव्हतं. ही दुकानांचे कपडे लहानमोठे करून देते, गेली वीस वर्षं. स्वयंपाकघराला लागून तिची शिवणाची खोली आहे. मला वाटायचं, फावल्या वेळात करते. तिला फावला वेळ नाहीच. आज मी तीनदा तिच्या खोलीत डोकावलो. तिसऱ्यांदा तिने कात्री खाली ठेवली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी परत आलो आणि खिडकीत बसलो.

हिच्या काही तऱ्हा आता नीट दिसतात. खोलीत येताना भर दिवसा दिवा एकदा लावते आणि बंद करते. बोलायच्या आधी माझ्या दंडाला हात लावते. जेवायला पूर्वी समोर बसायची, आता उजवीकडे बसते. कारण विचारलं तर म्हणाली, "इकडे वारा येतो." वारा कुठूनच येत नाही. आणि मशीनवर बसली की तिचे ओठ हलत असतात. काय म्हणतेस विचारलं तर "काही नाही." वय होतं माणसाचं. लेकीला सांगायला हवं, आईकडे जरा लक्ष दे म्हणून.

दाराची घंटा मरतुकडी झाली आहे. पोस्टमन म्हणतो तीनदा वाजवली. नवे सेल घातले, तरी तेच.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. तिच्याकडे रेंजची बोंब आहे, निम्मे शब्द वाटेतच गळतात. मी आपला हो हो म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "कशाला हो म्हणालात, कळलं का?"

मी म्हटलं, "बापाने लेकीला हो म्हणायला कारण लागतं का?"

निघालं असं, की मे महिन्यात तिची मांजर दीड महिना सांभाळायला मी कबूल झालो आहे. मला मांजरं आवडत नाहीत. पण शब्द गेला तो गेला.

१४ मार्च, शुक्रवार

गळती सापडली. माझ्याच घरात.

सकाळी ही कपडे पोचवायला दुकानात गेली होती. घर अगदी शांत. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि ऐकलं. बारीक, सलग शूं. शेगडी चालू करून काडी ओढायला विसरल्यावर येतो तसा. मी शेगडी बघितली, बंद होती. नळ बघितले, बंद. तोच आवाज, खालून येणारा. ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसं वाटलं.

काचेच्या पेटीचे स्क्रू काढले आणि काठी बाहेर काढली. ओट्याखाली टेकवली, कान लावला. आहे. दाराजवळ टेकवली. आहे. ओट्याखाली जरा जास्त वाटतो. आवाज शिट्टीच्या जातीचा आहे, म्हणजे भोक लहान आणि दाब मोठा. आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीखालून जुना लोखंडी नळ गेला आहे, घर बांधलं तेव्हाचा. त्याचं वय झालंच होतं.

ही परत आली तेव्हा मी काठी भिंतीला लावून बसलो होतो. म्हणाली, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी." मी चिडलो नाही. पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा नीट भूक लागली, दोनदा वाढून घेतलं.

१५ मार्च, शनिवार

हिने माझाच नियम मला ऐकवला. "तुम्हीच सगळ्या गावाला सांगायचात ना, आधी सगळे नळ बंद करा आणि मीटर बघा म्हणून?"

बघितला. काटा हलत नाही. पण मीटर जुना आहे, बारीक गळती त्याला कळणार नाही.

मग बाहेरचा मुख्य कॉक बंद केला. खरं तर एवढ्यावर निकाल लागतो: पाणी बंद झालं की आवाज बंद व्हायला पाहिजे. आवाज चालूच. म्हणजे कॉक नीट धरत नाही, आतून पाणी पास होतंय. मी हे हिला समजावून सांगितलं. नळ सोडला तर त्यातून थेंब आला नाही, हे तिने दाखवलं. मी म्हटलं, वरच्या नळाला थेंब नसेल, खालच्या भोकाला असतो. तिने नळ पुन्हा बंद केला. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "आता पण येतोय आवाज?"

"येतोय ना. तुला नाही येत?"

"नाही."

सगळ्यांचेच कान तयार नसतात. चौतीस वर्षांचं काम आहे ते.

१९ मार्च, बुधवार

शहराची लाईनच कुजली आहे. काल बागेत बाकावर बसलो तर तोच शूं. वाचनालयात तर चांगला मोठा. मी वीस दिवस नाही तर ही दशा. बाजारात मात्र काही ऐकू आलं नाही. तिथली लाईन मी स्वतः उभा राहून बदलून घेतली होती.

खात्यात फोन केला. साहेब कामात होते. यंत्रवालीने घेतला. ती फोनवर सावकाश आणि ठासून बोलते, लेकीने तिच्याकडून शिकावं. घरातल्या गळतीचं सांगितलं, बागेचं आणि वाचनालयाचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी यंत्र घेऊन येऊ का? दहा मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "माझ्या घराला माझा कान पुरे आहे."

"बरं काका. पण फुली मारण्याआधी मला एकदा सांगा."

फुली सकाळीच मारून झाली होती, ओट्यासमोर तिसऱ्या लादीवर. मनात आलं ते लिहून टाकतो. पाणी लागलं की मी साहेबांना स्वतः फोन करणार. यंत्र जिथे मुकाट बसलं असतं तिथे कानाने गळती काढली, हे त्यांच्या कानावर जायला हवं. गरज पडली की बोलावतो म्हणाले होते. गरज आहे, हे त्यांना कळायला तर हवं.

२३ मार्च, रविवार

आज हिच्याकडे विषय काढला, फरशी फोडावी लागेल म्हणून. मी भांडणाची तयारी करूनच बसलो होतो. स्वयंपाकघराच्या त्या निळ्या लाद्या हिने निवडलेल्या आहेत, लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी. चार दुकानं फिरली होती. अजून त्या लाद्यांवर कोणी खुर्ची ओढली तर हिच्या कपाळाला आठी पडते.

ती माझ्याकडे बघत राहिली. इतकं निरखून तिने मला पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "खणा."

मला खरंच वाटेना. पुन्हा विचारलं.

"खणा म्हटलं ना. पण मुकादम भावजींनाच बोलवा. दुसरं कोणी परकं नको."

मुकादमापेक्षा चांगला खणणारा आहे कोण? लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर माझं म्हणणं हिला एका फटक्यात पटलं. निवृत्तीचे काही फायदेही असतात.

२७ मार्च, गुरुवार

जे झालं ते क्रमाने लिहितो. क्रमाने लिहायची सवय आहे.

मुकादम सकाळी नऊला आला, एक माणूस बरोबर घेऊन. मागोमाग यंत्रवाली आली. मी तिला बोलावलं नव्हतं. हिने बोलावलं असावं. यंत्राची पिशवी खांद्याला होती, पण ती तिने उघडली नाही, दाराशीच उभी राहिली. हिने शेगडी आणि भांडी आदल्या दिवशीच बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली होती.

मुकादम म्हणाला, "कानसेन, कुठे?"

मी फुली दाखवली. लादी निघताना तुटली. हिने तुकडे उचलून एका बाजूला रचले. एक फूट गेलं, कोरडं. मी म्हटलं, चालू द्या, इथली माती पाणी सोडते. दोन फूट गेलं. मुकादमाने मूठभर माती घेतली, चोळली, आणि माझ्याकडे न बघता टाकून दिली. त्याने माझ्यासाठी हजारभर खड्डे खणले असतील. ओली माती आधी हाताला कळते, हे त्याला मी सांगायला नको.

अडीच फुटांवर नळ लागला. वरून गंजलेला, पण धड, आणि ठणठणीत कोरडा. मी म्हटलं, भोक पुढे असेल, थांबा. खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून बसलो, काठी नळावर टेकवली, डोळे मिटले, कान लावला.

आवाज होता. स्पष्ट, सलग. मी हात वर केला, सगळ्यांनी शांत राहा म्हणून. "आहे," मी म्हणालो. "इथेच आहे. आणखी हातभर ओट्याकडे. आहे, आहे."

कोणी काही बोललं नाही. मला वाटलं माझ्यासाठी गप्प आहेत. डोळे उघडले. मुकादम खड्ड्यात वाकून नळावरची माती खरवडत होता. त्याला जागा हवी होती म्हणून त्याने काठीचं टोक उचलून आपल्या तळहातावर धरलं होतं. काठी कशालाच टेकलेली नव्हती.

त्याने मुद्दाम केलं नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या लक्षात आलं आणि त्याने घाईघाईने टोक पुन्हा नळावर ठेवलं. तोवर मी बघितलं होतं.

मी काठीपासून कान काढला. आवाज तसाच. दोन्ही हातांनी कान दाबले. आवाज तसाच, उलट मोठा.

मी म्हटलं, "आजच्यापुरतं बास." ते गेले. यंत्रवाली जाताना दाराशी थांबली होती, मी वर बघितलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

काही नाही.

३१ मार्च, सोमवार

दोन दिवस लिहिलं नाही. खड्ड्यावर फळी टाकली आहे, त्यावरून चालताना ती हलते. स्वयंपाक बाहेरच्या खोलीत होतो. ही त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, त्यामुळे जास्त लागतं.

आज यंत्रवाली आली. बसली. मी तिला एकच विचारलं. गेल्या दोन वर्षांत माझा एकही खड्डा कोरडा का निघाला नाही?

ती पिशवीच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग माझ्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाली, "मी फुल्या हलवायचे काका. तुम्ही पुढच्या रस्त्याला गेलात की."

"किती?"

"सगळ्या नाही. पुष्कळ बरोबर असायच्या."

"किती हलवल्यास?"

"अकरा."

चार आणि अकरा पंधरा. शिवाय आता माझ्या स्वयंपाकघरातला सोळावा.

मी विचारलं, "मुकादमाला माहीत होतं?"

"त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं. म्हणाले, म्हाताऱ्याचं पितळ रस्त्यावर उघडं पडायला नको." मग तिचा आवाज बसला, किंवा माझ्यापर्यंत पोचला नाही. तिने पुन्हा सांगितलं, ठासून. "जमिनीला कान कसा लावायचा ते मला तुम्ही शिकवलंत. यंत्र नुसता आकडा देतं. तो आकडा खरा की खोटा, ते मला तुमच्यामुळे कळतं. लोकांच्या देखत तुमचा खड्डा कोरडा निघालेला मला बघवला नसता."

मी तिला चालती हो म्हटलं नाही, पण चहाही विचारला नाही. चहा हिने आणला. दोघी बाहेर जाऊन बराच वेळ बोलत होत्या. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. आणि आज पहिल्यांदा मला कळलं, की त्या हळू बोलत होत्या म्हणून नव्हे.

आज सगळं मागे जाऊन वाचलं. दिवा, दंडाला हात, उजवीकडचा वारा, घंटेचे सेल, लेकीची रेंज. पहिल्या पानापासून मीच लिहून ठेवलं आहे आणि मलाच दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

२ एप्रिल, बुधवार

आज जेवताना हिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दोन वर्षं झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजेनासे झालात तेव्हा."

"सांगितलं का नाहीस?"

तिने हातातला घास परत ताटात ठेवला. "सांगितलं नाही? दोनदा कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं. दोन्ही वेळेला तीन तीन दिवस बोलला नाहीत माझ्याशी. दुसऱ्या वेळेला म्हणालात, कानसेनाला कानाचा डॉक्टर, लोक हसतील."

म्हणालो होतो. आठवलं.

"मग खणू का दिलंस? तुला माहीत होतं खाली काही नाही. तुझ्या लाद्या होत्या त्या."

"लाद्यांचं काय एवढं." मग स्वतःच म्हणाली, "तसं नाही. लाद्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आदल्या दिवशी पुसून घेतल्या मी सगळ्या. पण माझं तुम्ही ऐकत नव्हतात. मुलीचं ऐकत नव्हतात. मीटरचं ऐकलं नाहीत. म्हटलं, मातीचं ऐकतील. जन्मभर तिचंच ऐकत आलात."

मला राग आला आणि रडूही आलं, रडू जास्त. ताटासमोर बसून साठीचा माणूस रडतो हे दृश्य काही चांगलं नव्हे. ती उजवीकडेच बसली होती. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जेवा आधी. गार होतंय."

९ एप्रिल, बुधवार

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हीही बरोबर होती. दवाखान्यात मुकादमाचा चुलतभाऊ भेटेल, अमका भेटेल अशी धास्ती होती. कोणी भेटलं नाही. भेटलं असतं तर तेही कानासाठीच आलेलं असतं, हे मला नंतर सुचलं.

एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. चौतीस वर्षं मी जगाला गप्प करून ऐकलं, आज जग काचेपलीकडे गप्प बसून माझ्याकडे बघत होतं. मी मन लावून दाबत होतो. नंतर डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "बऱ्याच वेळा आम्ही काहीच वाजवलं नव्हतं आणि तुम्ही बटण दाबलंत."

"किती वेळा?"

त्यांनी मोजलं. "सात."

म्हणजे आणखी सात कोरडे खड्डे, तेही अर्ध्या तासात.

त्यांनी नीट समजावलं. बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून गेले आहेत, डाव्या कानातून जास्त. तो शूं बाहेरचा नाही. कान काही आणून देईनासा झाला की मेंदू आपलंच काहीतरी वाजवत बसतो. मी विचारलं, "जाईल का?" त्या म्हणाल्या, "तो राहील. पण बाहेरचं ऐकू यायला लागलं की मागे पडेल." मला हे पटलं. मलाही सध्या घरी बसून आपलंच काहीतरी वाजवायची सवय लागली आहे.

साहेबांचा फोन आलेला नाही. आता येऊ नये असं वाटतं, आणि घंटा वाजल्यासारखी वाटली की उठून बघतोही. दोन्ही खरं आहे.

१९ एप्रिल, शनिवार

कानात यंत्र बसवून आज पहिला दिवस. शेवटी मीही यंत्रवाला झालो.

जग फार कर्कश आहे. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं होतं. माझ्या चपला फटक फटक वाजतात. छत्तीस वर्षं ही त्याबद्दल बोलत होती, तिचं बरोबर होतं. टीव्ही लावला आणि दचकून बंद केला. एवढ्या मोठ्या आवाजात आम्ही राहत होतो? म्हणजे ही राहत होती.

संध्याकाळी दाराची घंटा वाजली. चांगली ठणठणीत आहे. पोस्टमनची मनातल्या मनात माफी मागितली.

लेकीला फोन केला. तिच्याकडे रेंज उत्तम आहे. मांजरीचं नक्की ना, असं तिने भीत भीत विचारलं. मी म्हटलं, "नक्की. पण या वेळी हो कशाला म्हणतोय ते मला माहीत आहे." ती हसली, आणि हसण्याच्या शेवटी तिचा श्वास अडकतो तो लहानपणीचा आवाज अजून तसाच आहे. तो मी विसरलो होतो.

२१ एप्रिल, सोमवार

आज रकाने भरतो. ही वही घरी आणल्यापासून पहिल्यांदाच.

ठिकाण: शिवणाच्या खोलीचं दार.

वेळ: सकाळी अकरा.

ऐकू आलेला आवाज: रकान्यात मावत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी खिडकीत वाचत होतो. तिच्या खोलीत मशीन चालू होतं. मशीनचा खडखडाट मला पूर्वीही थोडाफार यायचा. आज त्याच्या मागे दुसरं काहीतरी होतं. मला वाटलं कोणी आलं आहे. उठलो, चपला काढल्या, आणि दारापर्यंत गेलो.

खोलीत ती एकटीच होती, माझ्याकडे पाठ करून. एका कोटाची बाही आखूड करत होती आणि बोलत होती.

"गवंडी उद्या येतो म्हणाला. म्हणजे परवा. त्या निळ्या लाद्या आता निघत नाहीत म्हणे. पांढऱ्या चालतील का हो?"

मग आवाज जाड करून तीच म्हणाली, "तुला आवडतील त्या घे."

"तुम्ही नेहमी असंच म्हणता. उद्या पसंत पडल्या नाहीत तर?"

"पडतील गं. तू निवडलेलं मला कधी नावडलंय?"

"यंत्रवालीला एकदा जेवायला बोलवू या. तुम्ही तिला त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाहीत. पोरीला फार लागलंय."

"चुकलं माझं. बोलाव."

माझ्या वाटची उत्तरं तीच देत होती, माझ्याच हेलात, आणि मी देतो त्यापेक्षा बरी देत होती. दोन वर्षं मी ते हलणारे ओठ बघत होतो. पलीकडच्या खोलीतल्या नवऱ्याशी ती रोज बोलत होती, आणि नवऱ्याला पोचत नाही म्हणून त्याचं कामही तीच करत होती. मी आयुष्यभर रस्त्यांवर पालथा पडून थेंब थेंब वाया जाणारं पाणी शोधलं. माझ्या घरात काय मुरत होतं ते मला ऐकू आलं नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

ती म्हणाली, "चहा टाकू का? थांबा, एवढी शिलाई होऊ दे."

"होऊ दे," मी म्हणालो. "चहा मी टाकतो."

मशीन थांबलं. ती लगेच वळली नाही. कोटाची बाही तशीच हातात धरून बसली. तिचा कान लाल झालेला मला मागून दिसत होता.

"कधीपासून उभे आहात?"

"गवंड्यापासून."

ती वळली. दिवा लावला नाही, दंडाला हात लावला नाही. नेहमीच्या आवाजात, जरासं घुश्शातच, विचारलं, "मग सांगा. पांढऱ्या चालतील का?"

तुला आवडतील त्या घे, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. नीट विचार केला आणि म्हटलं, "पांढऱ्या नको. डाग दिसतात. करड्या मिळतात का बघू, आपण दोघं जाऊ."

"करड्या," ती म्हणाली. "त्या मेल्या करड्या कशाला? उदास दिसतं."

या करड्यांवरून आमचं चहा होईपर्यंत भांडण चाललं, आणि चहा झाल्यावरही. यंत्रवालीला रविवारी जेवायला बोलवायचं ठरलं आहे, फोन मी करायचा आहे. लाद्यांचं काही ठरलेलं नाही. आता ती परत मशीनवर बसली आहे आणि पिवळसर रंगाबद्दल काहीतरी सांगते आहे.

अंदाज: अंदाज करायचं मी सोडलं आहे.

खोदल्यावर काय सापडले: हा रकाना अजून भरत नाही. तिचं बोलणं चालू आहे, ते आधी ऐकून घेतो.